काचेच्या पेटीतला समुद्र

या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, वाङ्मय अशा भारदस्त विषयांची व्याख्याने होत आली आहेत. त्या पंक्तीत एका काचेच्या पेटीला पाट मांडणे थोडे धार्ष्ट्याचेच आहे. परंतु आमच्याकडे येऊन एकच प्रश्न विचारणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे वाढली आहे. प्रत्येकाला जिन्यात उभे राहून अर्धे उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदाच पुरते उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय घेतला. प्रश्न असा असतो : 'घरी खाऱ्या पाण्याचे लहानसे मत्स्यालय करावे म्हणतो. चार मासे आणि थोडे प्रवाळ. तर दिवा कोणता घेऊ?'

ही हौस स्वाभाविक आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि सुटीत मुंबईला गेलेल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी तिथल्या काचांना नाके चिकटवून मासे पाहिले. पुढे २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश घरोघरी ओळखीचा झाला. तो पाहून कुणाला आपल्या दिवाणखान्यात समुद्राचा तुकडा असावा असे वाटले, तर त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते प्रश्नाच्या शेवटच्या शब्दांत. दिवा ही अगदी शेवटी घ्यावयाची वस्तू आहे, आणि दुकानात मात्र तीच सर्वांत आधी डोळ्यांत भरते. खरेदीचा हा उलटा क्रमच बहुतेक नवशिक्यांच्या पेट्या तीन महिन्यांत स्मशान करून टाकतो.

मग योग्य क्रम कोणता? तो समजण्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला घरी आणले. तेव्हा ना विजेचा पंप होता, ना दिवा. समुद्रापासून दूर, काचेच्या भांड्यात हे जीव जगवावयाचे कसे? बाईंनी विचार केला की समुद्राचे पाणी सतत हालत असते, हवेत मिसळत असते. आपले पाणी मात्र निपचित पडले आहे. म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी बसून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्रातल्या वनस्पती सोडल्या, आणि हवेचे काम काहीसे त्यांनी उचलले. ते प्रवाळ जगले.

आज बाजारात मिळणारी सारी यंत्रे या हकीकतीत बीजरूपाने आहेत. प्रत्येक यंत्र म्हणजे समुद्राचे एकेक काम करणारा नोकर होय. समुद्र पाणी हलवतो, ते एका उष्णतेवर ठेवतो, घाण पचवतो, खारटपणा राखतो आणि उथळ भागात सूर्यप्रकाश पोचू देतो. ही पाच कामे आहेत. समुद्र ती फुकट आणि अहोरात्र करतो. आपल्या पेटीत ती आपल्याला नोकर ठेवून करून घ्यावी लागतात, आणि नोकर रजेवर गेला की आतले जीव कुठे पळून जाऊ शकत नाहीत. म्हणून आमचा नियम एका वाक्यात सांगतो : जे बंद पडले असता पेटीतले जीव सर्वांत आधी मरतील, ते सर्वांत आधी आणि सर्वांत चांगले घ्यावे.

हा नियम हाती घेऊन दुकानात जाण्याआधी मात्र एक पायरी चढलीच पाहिजे, ती कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला ज्या अनुसूचीत स्थान आहे, तिथेच यांनाही आहे. समुद्रघोडाही त्याच यादीत आहे. तेव्हा मालवणला गेलो आणि पाण्यातून प्रवाळाचा एक खडा उचलून आणला, हा अपराध आहे. खडा मेलेला आहे ही सबब चालत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम निघाले तेव्हा वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या लहानशा वसाहतीही २०२० साली रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, यावरून या संरक्षणाचे वजन ध्यानात यावे. कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते, आणि जगातले सर्व दगडी प्रवाळ त्या यादीत आहेत.

मग ठेवावे काय? नवशिक्याने दगडी प्रवाळांच्या वाटेला जाऊच नये. ते कायद्याने अवघड आहेत आणि सांभाळायलाही अवघड आहेत. मऊ प्रवाळांतले चामड्यासारखे दिसणारे सार्कोफायटन, अळंबीसारखे पसरणारे डिस्कोसोमा यांसारखे प्रकार पुरेसे देखणे आणि पुष्कळ सोशिक असतात. तेही टाकीत वाढवलेल्या तुकड्यांपासून तयार केलेले, पावतीसह मिळत असतील तरच घ्यावेत. पावती द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. माशांच्या बाबतीत सोय चांगली आहे. क्लाउनफिशची बंदिस्त पाण्यात पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी करून दाखवली आहे. पैदाशीच्या माशांची एक जोडी लहान पेटीला पुरते. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा ती पेटीत अधिक चांगली रुळते, आणि समुद्राचेही काही उणे होत नाही.

आता पेटी. पहिली पेटी लहान घ्यावी म्हणजे त्रास कमी, असे सर्वांना वाटते. वस्तुतः प्रकार उलट आहे. कपभर चहा लवकर निवतो, हंडाभर पाणी निवायला वेळ लागतो. पाणी जितके जास्त, तितका त्यात होणारा बिघाड सावकाश होतो आणि आपल्याला सावरायला अवधी मिळतो. वीस-पंचवीस लिटरची इवलीशी पेटी हे मुरलेल्या माणसाचे काम आहे. पहिल्या खेपेस ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी पेटी घ्यावी. तिचे घनफळ सुमारे १२० लिटर होते, आणि खडकांची जागा वजा करून, काठाशी थोडी मोकळीक ठेवून तिच्यात साधारण १०० लिटर पाणी राहते. पाणी, काच आणि खडक मिळून वजन दीड क्विंटलच्या घरात जाते. तेव्हा घरातल्या जुन्या टीपॉयवर ती मांडू नये. लोखंडी सांगाडा किंवा जाड प्लायवूडचे मजबूत टेबल करून घ्यावे, ते पाणसळ लावून समपातळीत बसवावे, आणि जागा खिडकीतल्या उन्हापासून दूर पाहावी. खिडकीतल्या उन्हाने पाणी तापते आणि काचांवर शेवाळ माजते.

पेटीनंतर पाणी. याबाबतीत आमचीच फजिती आधी सांगतो. आम्ही पहिली पेटी मांडली तेव्हा स्वयंपाकघरात नवीन जलशुद्धीकरण यंत्र बसवलेले होते. पिण्याला जे पाणी उत्तम, ते माशांना वाईट कसे असेल, असा आमचा हिशेब. सहा आठवडे सारे सुरळीत चालले. मग एका सकाळी कोळंबी मेलेली आढळली. दोन दिवसांत शंखातले जीव काचेवरून गळून पडले. मासे मात्र ठणठणीत! खारटपणा पाहिला, तो ठीक, उष्णता ठीक. अखेर एका जाणत्या मित्राने विचारले, 'तुमचे यंत्र पाण्यात तांबे मिसळते का?' मिसळत होते. आरोग्याला हितकर म्हणून ते मुद्दाम तसे केलेले होते, आणि यंत्रावर ठळक अक्षरांत लिहिलेलेही होते. माणसाला जे तांबे मानवते, ते शंख, कोळंबी, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या समुद्रजीवांना अत्यल्प प्रमाणातही विष आहे. पाणी वाफ होऊन उडते, तांबे मागे राहते; आम्ही रोज भर घालत गेलो आणि विष साठत गेले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या समजुतीचा होता. त्या दिवशी घरातल्या मुलांना काय सांगावे हे आम्हांस सुचले नाही.

म्हणून पहिला पैसा पाण्यावर खर्च करावा. घरगुती शुद्धीकरण यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याचीही सोय असते. त्यामुळे त्याच्या पाण्यात क्षार शिल्लक राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट असतात, त्यांवर शेवाळ पोसते. आपल्याला हवे आहे ते आर.ओ. पडद्यातून आणि त्यानंतर डी.आय. नावाच्या राळेच्या नळकांड्यातून गेलेले, जवळजवळ काही न उरलेले पाणी. सोबत टी.डी.एस. मोजण्याची लहानशी कांडी ठेवावी. आकडा शून्य किंवा एक दिसला पाहिजे. यंत्र घ्यायचे नसेल तर असे पाणी कॅनमधून विकत आणता येते, पण कांडी तेव्हाही जवळ असावीच.

या पाण्यात मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठ मिसळावयाचे. स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते सोडियम क्लोराइड नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट इत्यादी पुष्कळ घटक ठराविक प्रमाणात असतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे आपल्या पेटीला पहिल्या भरणीस साडेतीन-चार किलो मीठ लागेल. कोकणात जाऊन कॅन भरून आणावे, ही कल्पना पुष्कळांना सुचते. पण शहराजवळचे किनारे सांडपाण्याने बिघडलेले असतात, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो. आपला हेतू एकसारखे पाणी मिळवण्याचा आहे. तो मिठाच्या पिशवीने अधिक खात्रीने साधतो.

खारटपणा मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. थेंबभर पाणी काचेवर टाकून उजेडाकडे पाहिले की आकडा दिसतो. हजार भागांत ३५ भाग क्षार, किंवा २५ अंश उष्णतेला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, हे आपले लक्ष्य. तरंगता काटा असलेले स्वस्त उपकरण क्षाराचे कण चिकटल्याने खोटे बोलू लागते. रिफ्रॅक्टोमीटरही अधूनमधून ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा.

येथवर पेटी व पाणी झाले. आता पाच नोकरांकडे वळू.

पहिला नोकर हालचालीचा. उबदार खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ एक पंचमांश कमी मावतो. शिवाय प्रवाळ एका जागी खिळलेले असते. त्याचे अन्न प्रवाहाने आणून द्यावयाचे आणि त्याची घाणही प्रवाहानेच वाहून न्यावयाची. पाणी थांबले तर काही तासांत जीव गुदमरू लागतात. म्हणून हा नोकर सर्वांत आधी. मऊ प्रवाळांसाठी ताशी पेटीच्या दहा ते वीस पट पाणी हलवणारी ताकद पुरे, म्हणजे आपल्या पेटीला ताशी १००० ते २००० लिटर. ती एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंपांत वाटून घ्यावी. दोन बाजूंनी येणारे प्रवाह एकमेकांवर आदळून समुद्रासारखी अनियमित हालचाल होते, आणि एक पंप अडकला तरी दुसरा चालू राहतो. एका पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवावे, म्हणजे वर तरंग उठतील आणि हवा मिसळत राहील.

याच खात्यात विजेची तरतूद येते. आपल्याकडे वीज जाते. कधी दहा मिनिटे, कधी पावसाळी वादळात रात्रभर. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप वीज जाताच आपोआप सुरू होतो. त्याची किंमत मोठ्या दिव्याच्या तुलनेत नगण्य आहे, आणि आम्ही पाहिलेल्या पेट्यांत सर्वांत जास्त जीव त्यानेच वाचवले आहेत. घरात इन्व्हर्टर असेल तर निदान एक पंप त्यावर जोडावा. आणि माणसांच्या जिवाचीही काळजी घ्यावी. खारे पाणी आणि वीज हे शेजारी चांगले नव्हेत. पेटीची सर्व जोडणी ३० मिलिअँपिअरच्या गळतीरक्षक स्विचवरून, म्हणजे आर.सी.सी.बी.वरून, वायरमनकडून करून घ्यावी. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली उतरेल असा झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

दुसरा नोकर उष्णतेचा. पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास असावे. परदेशी पुस्तकांत हीटरवर पानेच्या पाने असतात. आपले संकट उलट आहे. हीटर पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्रींसाठी लागतो, तो लहानसा घ्यावा. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते; पाणी फार काळ तापलेले राहिले की हे बिऱ्हाड मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हीच आपत्ती मोठ्या प्रमाणावर आली. आपल्या दिवाणखान्यात ती दर उन्हाळ्यात येऊ शकते.

उपाय दोन. पाण्यावर झोत टाकणारा लहान पंखा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरवतो. माठातले पाणी गार होते त्याचेच हे तत्त्व. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला उपयोगी पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, ज्या कारणाने माठ नीट गार होत नाही, त्याच कारणाने तो फारसा चालत नाही. तिथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावेच लागते. आमची सूचना अशी की पेटी घेण्याआधी मे महिन्यात त्या खोलीत आठवडाभर एक बादली पाणी ठेवावे आणि दुपारी तापमापकाने मोजावे. पाणी ३० च्या वर जात असेल आणि चिलरची ऐपत वा इच्छा नसेल, तर हा नाद सोडून द्यावा. गोड्या पाण्याचे मत्स्यालयही सुंदर असते.

तिसरा नोकर घाण पचवण्याचा, आणि हा यंत्र नव्हे. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जीवाणू सच्छिद्र दगडांत घर करतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले सजीव खडक पेटीत ठेवले की पाणी तेच शुद्ध राखतात, हा तिचा गाभा. आजही घरगुती प्रवाळपेटीचा पाया तोच आहे. मात्र आपण समुद्रातून खडक आणावयाचे नाहीत. मातीकामाप्रमाणे भाजून केलेले सच्छिद्र कृत्रिम खडक मिळतात, त्यांचे दहा-बारा किलो पुरे. त्यांत जीवाणू बाटलीतून सोडता येतात.

हे जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे, कधी अधिकही, लागतात. त्या काळात पेटीत मासा सोडणे म्हणजे चूल पेटायच्या आत पाहुण्यांना पंगतीला बसवणे होय, फक्त येथे पाहुणे उपाशी न राहता मरतात. म्हणून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासण्याचे संच पहिल्याच खरेदीत घ्यावेत. पाण्यात थोडा अमोनिया घालावा आणि वाट पाहावी. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसू लागले, की घर राहण्याजोगे झाले असे समजावे.

या खात्यात आणखी एक यंत्र येते, त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर लाटांबरोबर जो मळकट फेस साचतो तो आपण पाहिला आहे. पाण्यातली सेंद्रिय घाण हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि फेसाबरोबर वर येते. स्किमर हेच काम नळीत करतो आणि फेस वाटीत गोळा करतो. तो चांगला आहे, पण आपल्या पेटीत मासे दोनच असतील आणि दर आठवड्यास दहावा हिस्सा, म्हणजे दहा लिटर, पाणी आपण नेमाने बदलत असू, तर पहिल्या वर्षी त्यावाचून अडत नाही. बादली, नळी आणि ठरलेला रविवार हे स्किमरहून स्वस्त आहेत.

चौथा नोकर खारटपणा राखण्याचा. पाणी उडते, मीठ उडत नाही, हे आमच्या तांब्याच्या कथेत आलेच आहे. शंभर लिटरांच्या पेटीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडते. समजा आपण लग्नकार्याला पाच दिवस गावी गेलो. दहा लिटर उडाले, आणि ३५ चा खारटपणा ३९ च्या जवळ पोचला. घरी येऊन घाईने दहा लिटर ओतावे, तर तोही दुसरा धक्का. म्हणून भर घालावयाची ती रोज, थोडी, आणि नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. हे काम आपोआप करणारे एक लहान यंत्र असते. पाण्याची पातळी उतरताच ते शेजारच्या भांड्यातून तेवढे पाणी घालते. ते घ्यावेच, असे आमचे मत आहे. शेजाऱ्याला किल्ली देऊन जाण्यापेक्षा ते भरवशाचे आहे, आणि शेजारीही दुखावत नाही. मात्र त्याचे भांडे आठ-दहा लिटरांपेक्षा मोठे ठेवू नये, म्हणजे यंत्र अडकून सगळे पाणी ओतले गेले तरी अनर्थ होणार नाही.

आणि आता पाचवा नोकर, ज्याच्याबद्दल पहिला प्रश्न होता, तो दिवा. प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाला उजेड लागतो हे खरे. पण दिवा दोन दिवस बंद पडला तर मऊ प्रवाळ मरत नाही. समुद्रातही पावसाळी आभाळ येतेच. म्हणून आमच्या नियमाप्रमाणे तो शेवटी. निळा व पांढरा प्रकाश कमीजास्त करता येणारा साधा एल.ई.डी. दिवा, टायमरवर आठ-नऊ तास, एवढे आपण सांगितलेल्या प्रवाळांना पुरे. समुद्रात खोलवर निळा प्रकाशच अधिक पोचतो, म्हणून निळ्याचे महत्त्व. नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण तेजावर कधीच लावू नये. थोड्या तेजापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवावे, नाहीतर प्रवाळ भाजते. दगडी प्रवाळांसाठी बनवलेले प्रखर दिवे मऊ प्रवाळांच्या पेटीत फक्त शेवाळ आणि विजेचे बिल वाढवतात.

यापलीकडे दुकानदार औषधी थेंब सोडणारे पंप, अतिनील किरणांचे दिवे, रंग खुलवणाऱ्या बाटल्या असे पुष्कळ दाखवील. ते वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या वर्षी त्याचे काम नाही. कॅल्शियम आणि अल्कधर्मिता दगडी प्रवाळे झपाट्याने वापरतात. मऊ प्रवाळांना साप्ताहिक पाणीबदलीतून मिळणारे प्रमाण पुरते. महिन्यातून एकदा तपासून पाहिले म्हणजे झाले.

एका धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. पॅलिथोआ नावाचे फुलांसारखे दिसणारे प्रवाळबंधू स्वस्तात मिळतात. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते चिकटलेला खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये; त्याची वाफ घरातल्या साऱ्यांना आजारी पाडू शकते. पेटीत हात घालताना हातमोजे वापरावेत आणि नंतर हात धुवावेत, हा नियम मुलांनाही लावावा.

शेवटी खरेदीची वेळापत्रिका. पहिल्या खेपेस पेटी, टेबल, गळतीरक्षक स्विच, पाण्याची सोय, मीठ, रिफ्रॅक्टोमीटर, तापमापक, दोन पंप, बॅटरीचा हवापंप, पंखा किंवा चिलर, हीटर, खडक, तपासणी संच आणि भर घालणारे यंत्र. एवढे मांडून पेटी नुसत्या पाण्यावर व खडकांवर दीड-दोन महिने चालवावी. तपासणीचे आकडे ठीक आले की दोन-चार शंख सोडावेत. आणखी काही आठवड्यांनी दिवा आणि प्रवाळाचा पहिला तुकडा. माशांची जोडी सर्वांत शेवटी.

ते दीड-दोन महिने पाहुणे हसतील. 'दगड पाळलेत का?' असे विचारतील. आम्हांलाही विचारले होते. पण आमच्या मते सगळ्या उपकरणांहून हा रिकामा काळ मोलाचा आहे. या अवधीत वीज जाईल, पंप अडकेल, कुणी भर घालायला विसरेल, मीठ जास्त पडेल. ज्या चुका व्हावयाच्या त्या सगळ्या होतील आणि त्यांपायी एकही जीव जाणार नाही. आणि याच अवधीत आपल्याला स्वतःचाही अंदाज येईल. दर रविवारी बादली उचलणे जड वाटू लागले, खारटपणा पाहायचा चार-चार दिवस राहून जाऊ लागला, तर ओशाळे न होता सामान विकून टाकावे. त्यात पैशाचे थोडे नुकसान आहे, पण ते आपले आहे.

मात्र दोन महिन्यांनीही सकाळी उठल्यावर पाय आधी त्या दगडांकडेच वळत असतील, तर खुशाल दुकानात जावे आणि विचारावे, 'दिवा कोणता घेऊ?' त्या वेळी तो प्रश्न योग्य असेल.